गीझरची नळजोडणी: टपकणारा व्हॉल्व्ह बंद का करायचा नाही?

थंडीचे दिवस आले की गीझर फुटल्याची बातमी कुठून ना कुठून येतेच. भिंतीचा गिलावा निखळलेला, दार उखडलेलं, आणि कारणाच्या जागी ‘तांत्रिक बिघाड’ एवढे दोन शब्द. वाचणाऱ्याला वाटतं, विजेचं काहीतरी झालं असेल. वीज त्यात असतेच, पण टाकी फुटते ती आतल्या दाबाने. हा दाब बाहेर पडण्याची वाट, म्हणजे टपकणारा सेफ्टी व्हॉल्व्ह, नळजोडणीत ठेवलेली असते. ती बुजवली, चुकीच्या जागी ठेवली किंवा ठेवलीच नाही, तर गीझर कितीही चांगला असला तरी उपयोग नाही.

हा लेख टाकीवाल्या, विजेवर चालणाऱ्या गीझरबद्दल आहे. म्हणजे ज्यात दहा-पंधरा-पंचवीस लिटर किंवा त्याहून जास्त पाणी साठवून तापवलं जातं. गॅस गीझरचे धोके वेगळे आहेत, त्यात इथे शिरत नाही. जोडणी प्लंबरकडूनच करून घेणार असाल तरी वाचा. काय कुठे बसायला हवं हे ठाऊक असलं की काम चालू असतानाच विचारता येतं. टाइल लावून झाल्यावर विचारण्यात अर्थ नसतो.

टाकी कधीच रिकामी नसते

गीझरच्या खालच्या बाजूला दोन निपल असतात, म्हणजे आटे पाडलेल्या दोन आखूड नळ्या. एकीभोवती निळी चकती, दुसरीभोवती लाल. निळी थंड पाणी आत येण्यासाठी, लाल गरम पाणी बाहेर जाण्यासाठी. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, पण आत फरक आहे. थंड पाणी टाकीच्या तळाशी सोडलं जातं. लाल निपलची नळी मात्र आतून थेट टाकीच्या माथ्यापर्यंत गेलेली असते. गरम पाणी हलकं असल्याने वर जमतं आणि तिथूनच उचललं जातं.

गरम पाण्याचा नळ उघडल्यावर पाणी येतं ते गीझर ढकलतो म्हणून नाही. मागून थंड पाणी आत घुसतं आणि तेवढंच गरम पाणी पुढे सरकतं. म्हणजे टाकी कायम काठोकाठ भरलेली असते. थंड पाणी बंद केलं की गरमही बंद, आत कितीही साठा असला तरी. पुढचा सगळा धोका या एका गोष्टीतून निघतो, म्हणून ती नीट लक्षात घ्या.

दोन पाइपांची अदलाबदल झाली तर? स्फोट होत नाही, पण गीझर निरुपयोगी होतो. थंड पाणी वरून पडतं, गरम पाण्यात मिसळतं आणि नळाला येतं ते तळाचं कोमट पाणी. शिवाय वरची हवा बाहेर पडायला वाट राहत नाही, ती माथ्याशी अडकून बसते. ‘नवा गीझर पाणी तापवतच नाही’ अशी तक्रार असेल तर थर्मोस्टॅट (तापमान सांभाळणारा भाग) बदलण्याआधी चकत्यांचे रंग बघावेत. डावं-उजवं पाठ करून ठेवू नका, रंग आणि बाण पाहा. उभा गीझर जागा नाही म्हणून आडवा टांगायचाही नाही. आडव्या मॉडेलची आतली नळी वेगळ्या प्रकारे बसवलेली असते.

तापलं की फुगतं, आणि फुगलेलं जाणार कुठे?

पाणी तापलं की त्याचं आकारमान वाढतं. २५ अंशांचं पाणी ७५ अंशांवर नेलं तर ते साधारण सव्वादोन टक्क्यांनी वाढतं. २५ लिटरच्या टाकीत याचा अर्थ अर्ध्या लिटरहून थोडं जास्त. आकडा मामुली वाटतो. पण टाकी आधीच काठोकाठ भरलेली आहे आणि पाणी जवळजवळ दाबलं जात नाही. हवा दाबून थोडक्यात बसवता येते, पाणी नाही. त्यामुळे सगळीकडून बंद असलेल्या पोलादी टाकीत हे अर्धा लिटर पाणी जागा मागू लागलं की दाब भराभर चढतो.

थंड पाण्याचा पाइप अगदी मोकळा असेल, मध्ये काहीच नसेल, तर फुगलेलं पाणी त्याच पाइपातून मागे सरकतं. मग प्रश्नच नको, असं वाटेल. पण वाट मोकळी ठेवली की तिचे दुसरे त्रास सुरू होतात. गरम पाणी मागे येऊन थंड पाण्याच्या पाइपात शिरतं; तो पाइप थंड पाण्यापुरताच असेल तर नरम पडतो. त्याहून वाईट म्हणजे, वरची टाकी रिकामी झाली किंवा खालच्या मजल्यावर कुणी पाइपलाइन उघडली, तर गीझरमधलं पाणी उलटं ओढलं जातं. गीझरची टाकी रिकामी आणि आतली कॉइल, म्हणजे पाणी तापवणारा विजेचा भाग, चालू. कोरडी कॉइल पाहता पाहता जळते.

म्हणून थंड पाण्याच्या वाटेवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावतात, म्हणजे पाण्याला एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. आणि तो लावला की फुगलेल्या पाण्याची मागे जायची वाट बंद होते. नेमकी हीच गोष्ट घाईत विसरली जाते. नॉन-रिटर्न बसवला, काम झालं, असं नसतं. तो बसवल्यामुळेच दाब सोडणारा व्हॉल्व्ह सक्तीचा होतो.

गीझरसोबत खोक्यात जो पितळी तुकडा येतो, तो ही दोन्ही कामं एकत्र करतो. त्यालाच सेफ्टी व्हॉल्व्ह किंवा मल्टिफंक्शन व्हॉल्व्ह म्हणतात. हातात घेऊन बघा: अंगावर बाण कोरलेला असतो, एक छोटी दांडी किंवा कळ असते आणि बाजूला खाली तोंड केलेली बारीक नळी असते. आत एका स्प्रिंगने दाबून धरलेली चकती असते. टाकीतला दाब ठरलेल्या मर्यादेपुढे गेला, बहुतेक मॉडेलमध्ये ती ८ बार असते, की स्प्रिंग मागे सरकते आणि बाजूच्या नळीतून पाणी बाहेर पडतं. एक बार म्हणजे दहा मीटर उंच उभ्या पाण्याचा दाब. कळ उचलली की तोच व्हॉल्व्ह टाकी रिकामी करायलाही उपयोगी पडतो.

खोक्यातला हा तुकडा ‘एक्स्ट्रा’ म्हणून बाजूला ठेवला जातो आणि गीझर सरळ पाइपला जोडला जातो, असं होतं. तो एक्स्ट्रा नाही. तो नसेल तर जोडणी अर्धवट आहे.

मग इतका मोठा स्फोट कशाने होतो?

नुसत्या फुगवट्याने झालं तर टाकीचा जोड उकलतो, गळती लागते. घर हादरवणारा स्फोट होतो तो पाणी शंभर अंशांच्या पुढे गेल्यावर. प्रेशर कुकरचं तत्त्व सगळ्यांना माहीत आहे: दाब वाढला की पाणी शंभरला उकळत नाही, आणखी तापत राहतं. गीझरच्या टाकीतही तेच. ३ बारच्या आसपास पाणी उकळायला सुमारे १४४ अंश लागतात, ८ बारला सुमारे १७५. कुकरची शिट्टी कुणी तारेने बांधत नाही. गीझरच्या व्हॉल्व्हच्या नळीला मात्र बूच मारलं जातं, कारण त्यातून ‘उगाच पाणी टपकतं’.

समजा थर्मोस्टॅट बिघडला आणि पाणी १५० अंशांवर गेलं. टाकी अजून धरून आहे, म्हणून पाणी पाणीच आहे. मग टाकीचा एक जोड सुटतो आणि दाब क्षणात उतरतो. १५० अंशांचं पाणी उघड्या हवेत पाणी म्हणून राहू शकत नाही. जवळजवळ दहावा हिस्सा त्याच क्षणी वाफ होतो. २५ लिटरच्या टाकीत म्हणजे दोन-सव्वादोन किलो पाणी. आणि एक लिटर पाण्याची वाफ सोळाशे लिटरांहून जास्त जागा घेते. बाथरूमसारख्या लहान खोलीत एका झटक्यात साडेतीन हजार लिटर वाफ; दारं का उखडतात ते यात आलं.

याच्या आड तीन अडसर असतात. पहिला थर्मोस्टॅट, जो ठरलेल्या तापमानाला कॉइल बंद करतो. दुसरा थर्मल कट-आउट, जो थर्मोस्टॅट चुकला तर त्याच्या वरच्या तापमानाला वीज तोडतो. तिसरा सेफ्टी व्हॉल्व्ह. पहिले दोन विजेचे आहेत आणि गीझरच्या आत आहेत. तिसरा एकटाच बाहेर आहे, नळजोडणी करणाऱ्याच्या हातात.

इथे एक बारकावा सांगायला हवा. साध्या सेफ्टी व्हॉल्व्हला फक्त दाब कळतो, तापमान नाही. पाणी किती तापलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. काही गीझरांच्या माथ्याजवळ म्हणून आणखी एका व्हॉल्व्हची जागा ठेवलेली असते. तो दाब आणि तापमान दोन्हींवर उघडतो, साधारण ९९ अंशांना. मोठ्या टाक्यांवर तो दिसतो. तशी जागा असेल तर तिला बूच लावून काम भागवू नये.

पाइप कुठला चालेल

थंड बाजूला फारसा वाद नाही. घोळ गरम बाजूला होतो. साधा पांढरा किंवा राखाडी पीव्हीसी पाइप ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतो, आणि गीझर तर ७५ पर्यंत जातो. पहिल्या दिवशी काही होत नाही. काही महिन्यांनी पाइप झोळ खातो, जोड सैल होतो आणि गरम पाण्याचा फवारा उडतो. गरम पाण्याला सीपीव्हीसी किंवा पीपीआर (दोन्ही उष्णता सोसणारी प्लॅस्टिकं), तांबं किंवा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड. सीपीव्हीसी ८२ अंशांपर्यंत दाबाखाली चालण्यासाठी बनवलेला असतो.

पण सीपीव्हीसीसुद्धा गीझरच्या निपलवर थेट चढवू नये. दोन कारणं. प्लॅस्टिकचे आटे धातूच्या आट्यांवर आवळले की फिटिंग फाटतं, बहुधा लगेच नाही, तर तापून-निवून महिनाभराने. आणि कॉइल बंद झाल्यावरही निपल स्वतः बराच वेळ तापलेला राहतो. म्हणून पाइपच्या टोकाला पितळी आटे असलेलं सीपीव्हीसी फिटिंग, आणि तिथून गीझरपर्यंत स्टीलची जाळी गुंडाळलेला लवचीक कनेक्शन पाइप. हा पाइप घेताना त्यावर किती तापमानाचा आणि दाबाचा आहे ते वाचा. सिंकखालचे काही कनेक्शन पाइप फक्त थंड पाण्यासाठी असतात आणि दिसायला सेम असतात.

तांब्याचा पाइप पोलादी निपलवर थेट बसवला तर ओल्या जागी दोन धातूंमध्ये गंज धरतो. मध्ये पितळी किंवा आतून प्लॅस्टिकचं अस्तर असलेला निपल घालावा.

प्लॅस्टिकचा पाइप तापल्यावर लांबही होतो, हे भिंतीत गाडताना विसरलं जातं. तीन मीटर सीपीव्हीसी ४० अंशांनी तापला की साडेसात मिलिमीटरने वाढतो. दोन्ही टोकं सिमेंटने घट्ट धरली तर ती वाढ कोपऱ्यातल्या एल्बोवर, म्हणजे काटकोनी जोडावर येते. पाइपला वळण असावं आणि क्लॅम्प फार आवळलेले नसावेत.

जोडणी कशी होते

सुरुवात एमसीबीपासून, म्हणजे विजेच्या बोर्डातल्या गीझरच्या लाइनच्या खटक्यापासून. गीझरचा स्विच बंद करणं पुरेसं नाही. एमसीबी पाडा, टेस्टरने खात्री करा. मग थंड पाण्याचा मुख्य कॉक बंद. गीझर भिंतीवर आधीच बोल्टवर टांगलेला असावा. भरलेला २५ लिटरचा गीझर म्हणजे पाण्याचेच २५ किलो, वर त्याचं स्वतःचं वजन. त्यातला एक ग्रॅमही पाइपवर यायला नको.

आता एक काम जे घाईत टाळलं जातं: गीझर जोडण्याआधी थंड पाण्याचा पाइप बादलीत सोडून अर्धा मिनिट धो धो वाहू द्या. पाइप कापल्याचा चुरा, सोल्यूशनचे (पाइप चिकटवायच्या द्रवाचे) कण, वाळू, सगळं निघून जातं. नाही केलं तर हा कचरा थेट सेफ्टी व्हॉल्व्हच्या चकतीखाली जाऊन बसतो. तो मग कायम टपकतो आणि आठवड्याभरात कुणीतरी त्याला बूच मारतं.

निळ्या निपलवर टेफ्लॉन टेप. टोकाकडून पाहिलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळायची, म्हणजे व्हॉल्व्ह फिरवताना ती सुटत नाही, आवळते. नेहमीची पातळ टेप असेल तर सहा ते आठ वेढे, प्रत्येक वेढा ताणून. पहिला आटा मोकळा सोडा, नाहीतर टेपचा तुकडा पाण्याच्या वाटेत लोंबतो.

सेफ्टी व्हॉल्व्ह बाण गीझरकडे करून चढवा. आधी हाताने जाईल तेवढा, मग पान्याने एक ते दीड फेरा. बाजूची नळी शेवटी खाली तोंड करून यायला हवी. ती थोडी पुढे गेली म्हणून व्हॉल्व्ह मागे फिरवायचा मोह होतो. मागे फिरवला की टेपची घडी मोडते आणि तो जोड गळणारच. एकतर आणखी पुढे आवळून जागेवर आणा, नाहीतर पूर्ण काढून नवी टेप लावा. आवळताना दुसऱ्या पान्याने निपल धरून ठेवा, म्हणजे सगळा पीळ टाकीच्या जोडावर जात नाही.

क्रम असा असतो: घरातला थंड पाइप, मग बंद करण्याचा कॉक, मग कनेक्शन पाइप, मग सेफ्टी व्हॉल्व्ह, आणि लगेच गीझर. सेफ्टी व्हॉल्व्ह आणि टाकी यांच्यामध्ये काहीही नको. तिथे कॉक बसवला आणि तो कुणी बंद केला, तर व्हॉल्व्ह असून नसल्यासारखा.

कनेक्शन पाइपच्या नटात रबरी वॉशर असतो. तो जोड वॉशरवर धरतो, आट्यांवर नाही. तिथे टेप लावायची नाही. टेपमुळे नट वॉशरपर्यंत नीट पोचत नाही. हाताने घट्ट, मग पान्याने पाव फेरा, बस. जोर लावला की वॉशर कापला जातो. पाइपला तीव्र मोड येता कामा नये.

व्हॉल्व्हच्या बारीक नळीला गरम पाणी सोसणारी ट्यूब लावून ती सतत उतरत्या दिशेने मोरीपर्यंत न्या. टोक उघडं, डोळ्यांना दिसेल असं, आणि पाण्यात न बुडणारं. तिच्यावर कॉक नको. ती प्लगच्या किंवा स्विचच्या वरून जाऊ नये आणि जिथे माणूस उभा राहतो तिथे तिचं तोंड नसावं. जास्त दाबाला तिच्यातून उकळतं पाणी येऊ शकतं.

सीपीव्हीसीचे जोड सोल्यूशनने चिकटवले असतील तर लगेच पाणी सोडू नका. डब्यावर दिलेला वेळ पाळा; गरम पाण्यासाठी निदान एक दिवस जाऊ देणं चांगलं.

आता पाणी भरणं. गरम पाण्याचा नळ पूर्ण उघडा, मग थंड पाण्याचा कॉक हळूहळू. नळातून आधी हवा फसफसते, मग अडखळत पाणी येतं, मग सलग धार. सलग धार म्हणजे टाकी भरली. आणखी दोन मिनिटं वाहू द्या. नळ बंद करा आणि प्रत्येक जोडाभोवती कोरडा टिश्यू पेपर फिरवा. डोळ्यांना न दिसणारी ओल कागदावर दिसते. यानंतरच एमसीबी वर. रिकाम्या गीझरला वीज दिली तर कॉइल जळते, आणि हे नव्या गीझरच्या पहिल्याच दिवशी घडतं.

२००० वॉटचा गीझर २५ लिटर पाणी २५ वरून ६५ अंशांवर न्यायला सुमारे ३५ मिनिटं घेतो. तेवढ्यानंतर वीज बंद करून जोड पुन्हा एकदा तपासा. थंडपणी कोरडा असलेला जोड तापल्यावर पाझरू शकतो.

‘पण तो व्हॉल्व्ह सारखा टपकतो’

कधी टपकतो, हे आधी बघा. गीझर चालू असताना टपकतो आणि पाणी तापून झालं की थांबतो, तर व्हॉल्व्ह त्याचं काम करतो आहे. ते वर सांगितलेलं अर्धा लिटर. प्रत्येक तापवणीला तेवढं पाणी जाणं अपेक्षितच आहे. ते ट्यूबमधून मोरीत जाऊ द्या, पुरे.

गीझर बंद, पाणी थंड, तरी थेंब थेंब चालूच असेल तर दोन शक्यता. चकतीवर क्षार किंवा वाळूचा कण अडकला आहे: कळ दोन-तीन वेळा उचलून सोडा, पाण्याच्या झोताने कण निघून जातो. त्याने थांबलं नाही तर येणाऱ्या पाण्याचा दाबच जास्त आहे. व्हॉल्व्ह ज्या दाबाला उघडतो त्याच्या ८० टक्क्यांच्या वर पुरवठ्याचा दाब असेल, म्हणजे ८ बारच्या व्हॉल्व्हला सहा-साडेसहा बार, तर आधी दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवावा लागतो. उंच इमारतींच्या खालच्या मजल्यांवर ही वेळ येते, कारण दर दहा मीटरला एक बार या हिशेबाने साठ मीटरवरच्या टाकीचं पाणी सहा बारने येतं. तिथे वर प्रेशर पंपही असला तर त्याचा दाब धरायचा.

कधीच टपकत नाही अशा व्हॉल्व्हकडे मात्र संशयाने बघावं. टपकण्याचा त्रास नाही म्हणून लोक खूश असतात. पाइप मोकळा असेल, नॉन-रिटर्नची झडप झिजली असेल, किंवा चकती क्षारांनी जाम झाली असेल. जड पाण्याच्या भागात शेवटची शक्यता जास्त. महिन्यातून एकदा कळ उचलून पाहावी. पाणी यायलाच हवं. नाही आलं तर व्हॉल्व्ह बदला. तो दुरुस्त करत बसण्याची वस्तू नाही.

‘आमच्याकडे दाब कमीच असतो’

टाकी एकच मजला वर आहे, नळाला धार बारीक येते, मग ८ बार कुठून येणार? फुगणाऱ्या पाण्याला पुरवठ्याच्या दाबाशी घेणं नसतं. नॉन-रिटर्न बंद झाला की आतला दाब आतच तयार होतो. कमी दाबाच्या घरात एक जुना उपाय चालतो: गरम पाण्याच्या वाटेवरून एक उघडी नळी वरच्या टाकीच्याही वर नेऊन सोडायची. गीझरची टाकी हवेला कायम उघडी राहते, दाब साचतच नाही. पण या नळीवर कॉक नको, आणि पंप लावला की हा उपाय बाद, कारण पाणी तिथूनच उसळतं.

काही छोटे गीझर मुळातच उघड्या तोंडाचे असतात. त्यांच्यावर ‘आउटलेट बंद करू नये’ असं लिहिलेलं असतं. त्यांची टाकी दाब सोसायला बनवलेलीच नसते. त्यांचा नळ थंड बाजूला असतो, गरम बाजू कायम मोकळी. अशा गीझरच्या गरम बाजूला शॉवरचा कॉक लावणं म्हणजे आपल्या हाताने झाकण बसवणं.

‘प्लॅस्टिक पाइप आहे, शॉक कसा लागेल?’

पाणी वीज वाहून नेतं, पाइप कशाचाही असो. कॉइलचं आवरण फाटलं तर विद्युतप्रवाह पाण्यातून नळापर्यंत येऊ शकतो. उलट, जुना लोखंडी पाइप बदलून प्लॅस्टिकचा केला की एक छुपा आधार जातो: जमिनीत गेलेला लोखंडी पाइप नकळत अर्थिंगचं काम करत असायचा. पाइप बदलल्यावर म्हणून गीझरच्या प्लगची तिसरी पिन खरोखर अर्थला पोचते का, हे इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज कुठे गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, असावा. पाइपलाच अर्थची वायर बांधणं हा उपाय नाही. उद्या पाइपचा मधला तुकडा प्लॅस्टिकचा झाला की ती वायर शोभेची.

थंड नळाला गरम पाणी

जोडणी बरोबर असूनही हे होतं आणि दोष गीझरला दिला जातो. मिक्सरच्या, म्हणजे गरम-थंड पाणी एकत्र करणाऱ्या नळाच्या, दोन्ही चाव्या उघड्या ठेवून पुढे हँड शॉवरच्या बटणावर पाणी बंद केलं, की गरम आणि थंड पाइप मिक्सरच्या आत एकमेकांना जोडलेले राहतात. ज्या बाजूचा दाब जास्त ती दुसरीत शिरते. मिक्सरच्या चाव्याच बंद करा, किंवा मिक्सरच्या दोन्ही तोंडांवर नॉन-रिटर्न बसवा.

नळातून वाफ आली तर

गरम नळ उघडल्यावर पाण्याआधी वाफेचा फुत्कार आला, किंवा सेफ्टी व्हॉल्व्हच्या नळीतून वाफ जोरात सुटत असेल, तर थर्मोस्टॅट आणि कट-आउट दोन्ही गेलेले आहेत असं धरा. आधी एमसीबी पाडा, बाथरूमबाहेरूनच. नळ उघडून पाणी ‘काढून टाकायचा’ प्रयत्न करू नका, व्हॉल्व्हला हात लावू नका, थंड पाण्याचा कॉकही जसा आहे तसा राहू द्या. घरातल्या सगळ्यांना त्या खोलीपासून लांब ठेवा. टाकीभोवतीचं आवरण उष्णता धरून ठेवतं, त्यामुळे ती निवायला तासन्‌तास लागतात. रात्रभर थांबणं बरं. मेकॅनिक आला की त्याला थर्मोस्टॅट, कट-आउट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह तिन्ही एकदमच बदलायला सांगा, कारण तेवढ्या तापमानातून गेलेल्या व्हॉल्व्हच्या रबरावर पुन्हा भरवसा ठेवता येत नाही. टाकीचा कुठला जोड फुगलेला किंवा ओला दिसला तर दुरुस्ती नको, गीझरच बदलायचा.